न झालेली वाटणी

१९९२ साली आयबीएम या अमेरिकी संगणक कंपनीच्या घरात वाटणीची बोलणी सुरू होती. टाइपरायटर आणि छोट्या प्रिंटरचा धंदा आदल्याच वर्षी विकून झाला होता; त्यातून लेक्समार्क ही कंपनी उभी राहिली. मेनफ्रेम (मोठे संगणक), डिस्क, सॉफ्टवेअर, पर्सनल कॉम्प्युटर, सगळ्यांनी आपापली चूल वेगळी मांडावी, असं प्रमुख जॉन एकर्स यांच्या मनाने घेतलं होतं. जानेवारी १९९३ मध्ये आदल्या वर्षाचा तोटा जाहीर झाला: जवळपास ५ अब्ज डॉलर. अमेरिकी उद्योगात तोवर कुणी एका वर्षात एवढं गमावल्याची नोंद नव्हती. एकर्स यांनी पद सोडत असल्याचं सांगितलं.

कंपनी इतकी खाली कशी आली, ते तिच्याच दोन यंत्रांवरून कळतं. पहिलं १९६४ चं सिस्टिम/३६०. आयबीएमने त्यावर सुमारे ५ अब्ज डॉलर लावले, आणि बँका, विमा, विमानांची तिकिटं, सरकारी खाती यांचे हिशेब पुढची पंचवीस वर्षं मुख्यतः आयबीएमच्या मेनफ्रेमवर चालले. दुसरं १९८१ चा पर्सनल कॉम्प्युटर. तो घाईने बाजारात आणायचा म्हणून प्रोसेसर इंटेलचा घेतला, ऑपरेटिंग सिस्टिम मायक्रोसॉफ्टची. नाव आयबीएमचं झालं, पैसा त्या दोघांच्या घरी गेला. तिकडे मेनफ्रेममध्ये हिताची, फुजित्सू, ॲमडाल हे स्पर्धक कमी भाव लावत होते आणि आयबीएम आपला चढा भाव सोडायला तयार नव्हती.

१ एप्रिल १९९३ ला लुई गर्स्टनर आले. कंपनीबाहेरून थेट प्रमुखपदी आलेले ते पहिलेच. आधी मॅकिन्झी, मग अमेरिकन एक्स्प्रेस, शेवटी बिस्किटं आणि सिगारेटी करणारी आरजेआर नाबिस्को. संगणकाची त्यांची ओळख गिऱ्हाइकाची होती, आणि माझ्या मते तीच कामी आली.

सुरुवातीच्या दिवसांतली एक बैठक. मेनफ्रेमचा आढावा द्यायला त्या धंद्याचे प्रमुख निक डोनोफ्रिओ ओव्हरहेड प्रोजेक्टरपाशी उभे राहिले. वरिष्ठांपुढे पारदर्शक फिल्म लावत बोलायचं, ही तिथली रीतच. दुसरी फिल्म लागली तसे गर्स्टनर टेबलापाशी गेले, प्रोजेक्टर बंद केला आणि म्हणाले, नुसतं तुमच्या धंद्याबद्दल बोलू या. दुपारपर्यंत ई-मेलवरून ही बातमी कंपनीभर झाली होती.

त्या बोलण्यातून जे ठरलं ते धाडसाचं होतं. मेनफ्रेमचे भाव उतरवायचे. तोट्याच्या वर्षात आपल्या सर्वांत कमाईच्या मालाचा भाव आपणच पाडायचा! हे शक्य झालं ते चिपमुळे. जुन्या यंत्रातल्या बायपोलर चिप इतक्या तापत, की मोठ्या यंत्रांतून गार पाण्याच्या नळ्या फिरवाव्या लागत. सीमॉस चिप कमी तापणारी, स्वस्त, पण सुरुवातीला वेगात कमी. आयबीएमच्या जर्मनीतल्या प्रयोगशाळेत तिच्यावर काम झालेलं होतं. गर्स्टनर यांनी त्यावरचा खर्च चालू ठेवला. १९९४ मध्ये पहिली सीमॉस यंत्रं आली आणि १९९८ च्या पिढीने जुन्या यंत्रांना वेगातही मागे टाकलं. मेनफ्रेम जगला तो त्या चिपवर राबणाऱ्या इंजिनिअरांमुळे, हे गर्स्टनर यांच्या कौतुकाच्या भरात सांगायचं राहून जातं.

आणि दुसरं: वाटणी रद्द. गिऱ्हाइकांना भेटल्यावर गर्स्टनर यांच्या लक्षात आलं, की सुटे भाग विकणाऱ्या कंपन्या रग्गड आहेत. ते सगळे जोडून चालवून देणारा कुणी नाही. ते काम करू शकेल एवढी मोठी, सगळं जाणणारी कंपनी हीच एक. मग सेवाव्यवसाय वाढवला, गरज पडली तर स्पर्धकाचं यंत्रही बसवून द्यायची मुभा दिली. १९९२ मध्ये साडेसात अब्जांच्या आत असलेला हा व्यवसाय २००१ पर्यंत ३० अब्जांच्या पुढे गेला. १९९३ चा तोटा ८.१ अब्ज; २००० चा नफाही जवळपास तेवढाच.

हे आकडे वाचताना आयबीएमचे कारखाने असलेली न्यूयॉर्क राज्यातल्या हडसन खोऱ्यातली गावं विसरता येत नाहीत. आयबीएमची नोकरी म्हणजे जन्माची नोकरी, असं तिथे पिढ्यान्‌पिढ्या मानलं जाई. जुलै १९९३ मध्ये आणखी ३५ हजार माणसं कमी करायचं जाहीर झालं. तिथल्याच किंग्स्टनचा कारखाना १९९५ मध्ये बंद झाला. १९९९ मध्ये निवृत्तिवेतनाची पद्धत बदलली तेव्हा वर्षानुवर्षं निमूट राबलेले कर्मचारी उघडपणे भांडायला उभे राहिले. त्यांचा राग रास्तच होता. कंपनी वाचली, पण तिने दिलेला शब्द वाचला नाही.

आपल्याकडे आयबीएम १९७८ मध्ये परकीय भागभांडवलाच्या अटीवरून निघून गेली होती आणि १९९२ मध्ये टाटांशी भागीदारी करून परतली. सेवाव्यवसाय फोफावला तशी तिची भारतातली माणसंही हजारोंनी वाढली. पुढे २०२० मध्ये प्रमुखपदी आले अरविंद कृष्ण. त्यांच्या काळात, नोव्हेंबर २०२१ मध्ये, एक वाटणी झालीच: इतरांची संगणक यंत्रणा सांभाळण्याचा व्यवसाय सुमारे ९० हजार माणसांसह किंड्रिल या वेगळ्या कंपनीकडे गेला. ज्या कामासाठी घर एकत्र ठेवलं, त्याचाच मोठा हिस्सा बाहेर पडला. मेनफ्रेम मात्र आयबीएमने स्वतःकडेच ठेवला.