बालकर्करोग : सहकार्यातून आरोग्याकडे

‘विना सहकार नाही उद्धार’ हे वचन आपण पतसंस्था व साखर कारखान्यांच्या संदर्भात नेहमी ऐकतो. लहान मुलांच्या कर्करोगावरील उपचारांतही ते तितकेच खरे ठरले आहे.

मुलांमध्ये सर्वाधिक आढळणारा कर्करोग म्हणजे रक्ताचा कर्करोग. त्यातही ‘अ‍ॅक्यूट लिम्फोब्लास्टिक ल्युकेमिया’ हा प्रकार प्रमुख. १९७० च्या दशकात भारतातील नामवंत रुग्णालयांतही अशी फारच थोडी मुले वाचत. औषधे मात्र ज्ञात होती. अंगणातल्या सदाफुलीपासून मिळणारे व्हिन्क्रिस्टीन हे त्यांपैकीच एक. उणीव होती ती औषधे केव्हा व किती द्यावीत याच्या निश्चित, समान पद्धतीची आणि उपचारकाळात मुलाला जंतुसंसर्गापासून जपणाऱ्या काटेकोर शुश्रूषेची.

तीन शहरे, एक पद्धती

१९८४ पासून मुंबईचे टाटा मेमोरियल रुग्णालय, दिल्लीची एम्स आणि तेव्हाच्या मद्रासमधील अड्यार कॅन्सर इन्स्टिट्यूट येथे ‘एमसीपी ८४१’ ही समान उपचारपद्धती अवलंबिली गेली. शुश्रूषाही सुधारली. परिणामी, चार वर्षांनंतरही आजार न उलटलेल्या रुग्णांचे प्रमाण २० टक्क्यांहून कमी होते, ते ४५ ते ६० टक्क्यांवर पोहोचले. तिन्ही केंद्रांच्या यशात फरक होता. परंतु नोंदी एकत्र ठेवल्या म्हणूनच तो दिसला आणि सुधारणेची दिशा मिळाली. आज या केंद्रांसह कोलकाता व चंदीगड येथील संस्था ‘आयसिकल’ या संशोधनगटात एकत्र आल्या आहेत. मुलाच्या आजाराची जोखीम आधी मोजून त्यानुसार उपचारांची तीव्रता ठरविणे, हे त्यांचे सूत्र आहे.

घराजवळ उपचार

हे उपचार दोन वर्षांहून अधिक काळ चालतात. रोजगार बुडतो, परगावी राहण्याचा खर्च झेपत नाही आणि कित्येक पालक उपचार अर्ध्यावर सोडतात. बरा होऊ शकणारा आजार मग पुन्हा उलटतो. म्हणूनच २०१२ मध्ये स्थापन झालेल्या ‘नॅशनल कॅन्सर ग्रिड’चे महत्त्व मोठे आहे. तीनशेहून अधिक केंद्रांच्या या जाळ्यामुळे समान मार्गदर्शक तत्त्वे सर्वदूर पोहोचत आहेत. काही औषधांच्या किमतीही एकत्रित वाटाघाटींमुळे उतरल्या आहेत. २००६ मध्ये मुंबईत सुरू झालेल्या ‘सेंट ज्यूड इंडिया चाइल्डकेअर सेंटर्स’सारख्या संस्था परगावच्या कुटुंबांना विनामूल्य निवारा देतात.

दीर्घकाळ टिकणारा ताप, वाढता फिकटपणा, अकारण उमटणारे काळे-निळे डाग किंवा हाडांचे दुखणे दिसल्यास मुलाला विनाविलंब डॉक्टरांना दाखवावे. निदान झालेच, तर पुढील औषधोपचार घराजवळच्या केंद्रात घेता येतील का, हे अवश्य विचारावे. बरे वाटू लागले तरी उपचार मात्र अर्ध्यावर थांबवू नयेत. रुग्णालयांनी एकमेकांना दिलेला हात अखेर आपल्या मुलापर्यंत पोहोचतो, तो या चिकाटीतूनच.