घरचा संगणक, परगावातून

पुण्यातल्या घरी राहिलेली फाइल नागपुरात बसून उघडायची असेल, तर क्रोम रिमोट डेस्कटॉप हा फुकटचा आणि सोपा मार्ग आहे. गुगलने तो २०११ मध्ये चाचणी स्वरूपात आणला. घरच्या संगणकावर क्रोममध्ये गुगल खातं उघडायचं, छोटा प्रोग्रॅम बसवायचा, किमान सहा अंकी पिन ठरवायचा. मग परगावच्या संगणकावर तेच खातं, तोच पिन, आणि घरचा स्क्रीन समोर हजर!

मात्र घरचा संगणक चालू हवा. निघण्यापूर्वी त्याचा स्लीप मोड बंद करायला अनेक जण विसरतात.

दुसऱ्याची मदत घ्यायची तर १२ अंकी कोड मिळतो, एकदाच चालणारा. तो सांगणं म्हणजे माउस-कीबोर्ड समोरच्याच्या हाती देणं. बँकेच्या नावाने कुणी कोड मागितला, तर सरळ फोन ठेवा. फसवणूक झालीच, तर लगेच १९३० या सायबर हेल्पलाइनला कळवा.