कुत्र्याच्या पिल्लाचे शौचशिक्षण : पाणी, अन्न व व्यायाम यांचे नियोजन

कुत्र्याचे पिल्लू घरात आले की पहिल्या आठवड्यातच कुटुंबात एक वाद उभा राहतो : त्याला पाणी किती द्यावे? फरशीवर ठिकठिकाणी दिसणारी ओल पाहून पाण्याचे भांडे उचलून ठेवण्याची कल्पना कोणालाही सुचते, आणि ती वरकरणी तर्कशुद्धही वाटते. वस्तुतः तीत दोन भिन्न प्रश्नांची गल्लत झालेली असते. मूत्र किती तयार होते हा एक प्रश्न. त्याचे विसर्जन केव्हा व कोठे व्हावे हा दुसरा. शिक्षणाचा संबंध केवळ दुसऱ्याशी आहे, आणि पहिल्यात ढवळाढवळ केल्याने दुसरा सुटत नाही.

या शिक्षणाचा पाया माणसाने घातलेला नाही. जन्मल्यावर सुमारे तीन आठवडे पिल्लाचे मलमूत्रविसर्जन आईच्या चाटण्यावर अवलंबून असते. पुढे पाय स्थिरावताच ते निजण्याच्या जागेपासून दूर जाऊन विधी उरकू लागते. जे. पी. स्कॉट व जॉन फुलर यांनी १९६५ साली प्रसिद्ध केलेल्या श्वानवर्तनविषयक ग्रंथात या विकासक्रमाचे तपशीलवार वर्णन आहे. साधारणतः दोन महिन्यांच्या सुमारास पिल्लू ठराविक जागेची व पायाखालच्या पृष्ठभागाची निवड करू लागते. गवत, माती, वर्तमानपत्र किंवा पायपुसणे यांपैकी जे त्या काळात वारंवार पायाखाली येईल, त्याचीच आवड जडते. पायपुसण्याची आवड एकदा जडली की ती मोडणे फार कष्टाचे होते.

आता पाणी. प्रौढ कुत्र्यास दर किलोग्रॅम वजनामागे दिवसाला साधारणतः ५० ते ६० मिलिलिटर पाणी लागते; वाढत्या पिल्लाची गरज त्या मानाने अधिक असते. कुत्र्याला माणसासारखा सर्वांगाला घाम येत नाही. शरीराची उष्णता ते मुख्यतः धापा टाकून बाहेर टाकते, आणि प्रत्येक धापेबरोबर पाणी खर्ची पडते. विदर्भातील वा मराठवाड्यातील उन्हाळ्यात पिल्लाचे पाणी तोडणे म्हणजे फरशी कोरडी ठेवण्यासाठी त्याचा जीव धोक्यात घालणे होय. शिवाय तहानलेले पिल्लू भांडे दिसताच अधाशीपणे पिते आणि त्यानंतर केव्हा लघवी करील याचा अंदाज बांधता येत नाही. दिवसभर पाणी उपलब्ध असले म्हणजे ते थोडे थोडे पिते, व विसर्जनालाही एक लय येते. रात्री निजण्यापूर्वी तास-दोन तास भांडे उचलून ठेवण्याची प्रथा निरोगी पिल्लाच्या बाबतीत, हवा थंड असताना व दिवसा पुरेसे पाणी मिळाले असताना, चालण्यासारखी आहे. त्यापलीकडे तिला आधार नाही.

अन्नाची गोष्ट याच्या उलट आहे : पाणी सदैव उपलब्ध असावे, अन्न मात्र वेळेवरच द्यावे. जठरात अन्न पडले की मोठ्या आतड्याची हालचाल प्रतिक्षिप्त रीतीने वाढते. त्यामुळे खाल्ल्यानंतर बहुधा पाच ते तीस मिनिटांत पिल्लाला शौचाची भावना होते. तीन-चार वेळा ठराविक वेळी खाऊ घालून पंधरा-वीस मिनिटांनी ताटली उचलली, तर शौचाच्या वेळाही ठरून जातात. दिवसभर ताटली भरून ठेवणारे कुटुंब नकळत हे घड्याळच मोडून टाकते. अन्नाचा प्रकारही हिशेबात धरावा लागतो. कोरड्या तयार खाद्यात पाण्याचा अंश सुमारे दहा टक्के असतो. डबाबंद ओल्या खाद्यात तो पाऊणशे टक्क्यांच्या आसपास जातो. आपल्याकडे पिल्लाला दूध-पोळी घालण्याची रीत आहे. आईचे दूध सुटल्यावर दुधातील शर्करा पचवण्याची शक्ती अनेक पिल्लांत कमी होते व त्यांना हगवण लागते. मग दोष शिकवणीला दिला जातो, दुधाला नाही.

मूत्राशयावरील ताबा वयाबरोबर वाढतो. महिन्यांत मोजलेल्या वयात एक मिळवला म्हणजे पिल्लू जास्तीत जास्त तितके तास थांबू शकते, असा एक स्थूल आडाखा आहे. दोन महिन्यांच्या पिल्लाला तीन तास, तेही स्वस्थ असताना. झोपेतून उठल्यावर, खाल्ल्यानंतर आणि खेळ ऐन भरात असताना हा आडाखा लागू पडत नाही. त्या वेळी त्याला तत्काळ बाहेर न्यावे.

व्यायामाच्या क्रमात एक सूक्ष्म चूक वारंवार होते. पिल्लू बाहेर लघवी करते आणि मालक लगेच त्याला घरात आणतो. पिल्लाच्या दृष्टीने याचा अर्थ असा : लघवी केली की बाहेरची मौज संपते. परिणामी ते विधी लांबवू लागते व घरात परतल्यावर मोकळे होते. आधी निश्चित जागी शांत उभे राहणे, विधी उरकताच शाबासकी व खाऊचा तुकडा, आणि त्यानंतर फिरणे किंवा खेळणे, असा क्रम ठेवल्यास व्यायाम हेच बक्षीस ठरते. लसीकरण पूर्ण होईपर्यंत, म्हणजे साधारणतः सोळा आठवडे वयापर्यंत, इतर कुत्र्यांच्या वावराची जागा टाळावी लागते. १९७८ साली ओळखला गेलेला श्वान-पार्व्होविषाणू मातीत दीर्घकाळ टिकतो. सदनिकेत राहणाऱ्यांनी तोवर गॅलरीत हिरवळीचा तुकडा वा मातीचा ट्रे ठेवणे इष्ट.

भाषेच्या अभ्यासकाला यात एक निराळेच कुतूहल आहे. एकाच घरात आजी ‘शू कर’ म्हणते, मुलगा ‘चल बाहेर’ म्हणतो आणि वडील नुसती शीळ घालतात. माणसाला हे तिन्ही समानार्थी. पिल्लाला तीन असंबद्ध ध्वनी. शब्द एकच असावा, आणि तो आरंभी आज्ञा म्हणून नव्हे तर विधी सुरू होताना, त्याचे जणू नाव म्हणून उच्चारावा. साहचर्य दृढ झाल्यावरच तो सूचनेचे काम करतो.

उलट दिशेचा अर्थबोधही तितकाच फसवा असतो. तासाभरापूर्वीच्या ओलीजवळ नेऊन दटावले असता पिल्लू कान पाडते व नजर चुकवते. मालक म्हणतो, ‘त्याला आपली चूक कळली’. अलेक्झांड्रा होरोविट्झ यांनी २००९ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात हा ‘अपराधी’ चेहरा कुत्र्याच्या कृत्यावर नव्हे, तर मालकाच्या रागावण्यावर अवलंबून असल्याचे आढळले. अशा शिक्षेतून पिल्लू एवढेच शिकते की माणसादेखत विधी करणे धोक्याचे आहे. मग ते पलंगाखाली जाते, आणि बाहेर साखळीच्या टोकाला उभे असताना काहीच करत नाही. घडलेली ओल मुकाट्याने पुसावी. अमोनियायुक्त द्रव वापरू नये, कारण त्याचा वास मूत्राची आठवण देतो; विकरयुक्त द्रव अधिक उपयोगी पडतो.

महिनाभर कोरडे राहिलेले पिल्लू अकस्मात वारंवार, थेंब थेंब लघवी करू लागले, किंवा त्याची तहान एकाएकी वाढली, तर वेळापत्रक कडक करण्यापूर्वी त्याला पशुवैद्याकडे न्यावे. मूत्रमार्गाचा संसर्ग पिल्लांत, विशेषतः माद्यांत, विरळा नाही. अशा वेळी पाणी तोडल्यास विकार बळावतो. सकाळी भांड्यात मोजून घातलेले व रात्री उरलेले पाणी यांची दोन-तीन दिवसांची नोंद सोबत नेली, तर निदानाला मोठे साहाय्य होते.