काळी पावडर तपकिरी का होते?

एम.एस्सी. करणाऱ्या एका श्रोत्याने विचारलंय : "मॅग्नेटाइट बनवलं, मस्त काळं आलं. ओव्हनमध्ये वाळवलं, तर तपकिरी झालं. पण चुंबकाला अजून चिकटतंय. मग प्रबंधात मॅग्नेटाइट लिहू ना?"

थांबा, इतक्यात लिहू नका.

मॅग्नेटाइटमध्ये लोहाचे तीन अणू असतात : दोन फेरिक, एक फेरस. म्हणून क्षारही दोनास एक मोल या प्रमाणात घ्यायचे. फेरिक क्लोराइडचा हेक्साहायड्रेट ५.४ ग्रॅम, फेरस क्लोराइडचा टेट्राहायड्रेट २ ग्रॅम. हे पाण्यात विरघळवून जोरात ढवळत अमोनिया घातला, की बघता बघता काळा साका तयार. सगळं जमलं तर साधारण २.३ ग्रॅम माल हाती येतो. अमोनियाचं काम फ्यूम हूडमध्येच, बरं का!

खरी गडबड करतो तो फेरस. त्याला ऑक्सिजन मिळाला की तो फेरिक होतो. कण जेमतेम दहा नॅनोमीटरचे, म्हणजे वजनाच्या मानाने पृष्ठभाग प्रचंड. त्यात ओव्हनची गरम हवा. मॅग्नेटाइटचं मॅगहेमाइट झालं. तेही चुंबकीयच! म्हणून चुंबकाची परीक्षा इथे फसवते. एक्स-रे विवर्तनातही दोघांचे आलेख जवळजवळ सारखे दिसतात. फरक नीट कळतो तो मॉसबाउअर वर्णपटात.

मग करायचं काय? फेरस क्षार ताजा घ्या. फिकट हिरवा रंग जाऊन पिवळट झालेली बाटली नको. पाणी उकळून, त्यात नायट्रोजन सोडून ऑक्सिजन घालवा. पुढेही नायट्रोजन चालू ठेवा. साका धुताना भांड्याखाली चुंबक धरा आणि वरचं पाणी ओता. वाळवणं निर्वातात, कमी तापमानाला.

आणि कणांना अंगरखा चढवा. पाण्यात वापरायचे असतील तर सायट्रिक आम्ल, केरोसीनसारख्या द्रवात असतील तर ओलेइक आम्ल. १९६३ साली नासाच्या स्टीव्ह पॅपेल यांनी चुंबकीय द्रव बनवला, तेव्हा मॅग्नेटाइटचे कण एकमेकांना चिकटू नयेत म्हणून ओलेइक आम्लच वापरलं होतं. अंगरख्याने गुठळ्या टळतात, ऑक्सिडीकरणही मंदावतं. पूर्ण थांबत मात्र नाही.

तेव्हा मित्रा, बॅच वाया गेलेली नाही, नाव बदललंय. तपासून घे आणि जे निघेल तेच लिही.

भेटू पुढच्या भागात!