कोवळ्या वयात जठराची शस्त्रक्रिया

सरासरी वय 17, सरासरी वजन सुमारे 149 किलो. अमेरिकेतल्या पाच केंद्रांवर 2007 ते 2012 या काळात वजन घटवण्याची शस्त्रक्रिया झालेली ही 242 मुलं. ‘टीन-लॅब्स’ या अभ्यासाने पुढे त्यांचा वर्षानुवर्षं पाठपुरावा केला.

‘खाणं आवर’ एवढं सांगून या मुलांचं वजन उतरत नाही. वजन घटू लागलं की शरीर भूक वाढवतं आणि ऊर्जा राखून ठेवतं. तो इच्छाशक्तीचा दोष नव्हे. ‘स्लीव्ह’ शस्त्रक्रियेत जठराचा सुमारे 80 टक्के भाग काढतात. पोट लवकर भरतं, शिवाय भूक चेतवणारं घ्रेलिन हे संप्रेरकही घटतं. ‘बायपास’ या दुसऱ्या प्रकारच्या शस्त्रक्रियेत अन्नाची वाटच बदलते.

तीन वर्षांनी या मुलांचं वजन सरासरी 27 टक्क्यांनी कमी होतं. मला अधिक महत्त्वाचा वाटतो तो मधुमेहाचा आकडा. बायपासनंतर पाच वर्षांनी, टाइप 2 मधुमेह असलेल्या किशोरांपैकी 86 टक्क्यांमध्ये तो ओसरलेला होता, तर हीच शस्त्रक्रिया प्रौढपणी झालेल्यांपैकी 53 टक्क्यांमध्ये. म्हणजे थांबण्यालाही किंमत आहे.

किंमत शस्त्रक्रियेलाही आहेच. लोहाची कमतरता किशोरांमध्ये प्रौढांपेक्षा जास्त आढळली. जीवनसत्त्वाच्या गोळ्या आयुष्यभर घ्याव्या लागतात, आणि या वयात त्या हमखास विसरल्या जातात. म्हणून आहारतज्ज्ञ, मानसोपचारतज्ज्ञ आणि घरची साथ आधी हवी.

अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने 2023 मध्ये तेराव्या वर्षापासून, तीव्र स्थूलता असल्यास, या पर्यायासाठी तपासणीला पाठवावं असं सुचवलं. निर्णय मात्र मुलाला विचारूनच व्हावा. पोट त्याचं आहे.