मागाहून लिहिलेला बाजार

‘शेअरमध्ये दीर्घकाळ पैसे ठेवले की चांगला परतावा मिळतो’ हे वाक्य आज कोणीही सहज टाकतो. 1960 च्या सुमारास मात्र ते ठामपणे म्हणायला भक्कम आकडा कोणाकडेच नव्हता. मेरिल लिंच या दलाली पेढीतले लुई एंगेल यांना तो हवा होता, अर्थातच जाहिरातीसाठी. त्यांनी शिकागो विद्यापीठातल्या जेम्स लॉरींना गाठले आणि पेढीच्याच पैशांवर तिथे शेअरभावांच्या संशोधनाचे केंद्र उभे राहिले.

लॉरी आणि लॉरेन्स फिशर यांनी न्यूयॉर्कच्या बाजारातल्या सगळ्या सामान्य शेअरचे 1926 पासूनचे महिनाअखेरचे भाव जमवायला घेतले. भाव मिळवणे त्यातल्या त्यात सोपे. एका शेअरचे दोन झाले की भाव निम्मा होतो, पण भागधारकाचे काहीच जात नाही. बोनस, हक्काचे शेअर, विलीनीकरण, लाभांश या सगळ्यांचा हिशेब लागल्याशिवाय परतावा निघत नाही, आणि वेळ गेला तो त्यातच. 1964 च्या जानेवारीत उत्तर छापून आले: 1926 ते 1960, लाभांश पुन्हा गुंतवून, कर वगळून, चक्रवाढीने वर्षाला 9 टक्के. तेही 1929 ची पडझड धरून! ज्याने पैसे दिले त्याच्याच सोयीचे उत्तर निघाले, तेव्हा भुवया उंचावणारच. पण काम चोख होते. संशोधक आजही याच केंद्राची आकडेवारी वापरतात.

तरी तिच्यातही भोक सापडले. कंपनी डबघाईला येऊन बाजाराच्या यादीतून गेली, तर भागधारकाचा शेवटचा तोटा पुष्कळदा नोंदलाच गेला नव्हता, हे टायलर शमवे यांनी 1997 मध्ये दाखवले.

बुडालेल्या कंपन्यांसारखे बुडालेले बाजारही असतात. रशियाचा 1917 मध्ये बंद पडला, चीनचा 1949 मध्ये. फिलिप जोरियन आणि विल्यम गोएत्झमन यांनी 1999 मध्ये 39 बाजारांचा विसाव्या शतकातला इतिहास जुळवला. महागाई वजा करून अमेरिकेतले भाव वर्षाला 4.3 टक्क्यांनी वाढले होते. बाकीच्या बाजारांचा मध्यक होता 0.8. म्हणजे अमेरिकेचा अनुभव हा नियम नव्हे, अपवाद होता.

आपल्याकडे ‘1979 मध्ये सेन्सेक्स 100 होता’ असे सर्रास म्हणतात. तेव्हा सेन्सेक्स नव्हताच. तो 1986 च्या जानेवारीत सुरू झाला. 1978-79 हे पायाभूत वर्ष मागाहून ठरवले गेले. शिवाय त्यात लाभांश धरत नाहीत, त्यामुळे गुंतवणूकदाराची खरी कमाई त्यात कमी दिसते. उलटी फसगतही होते. सेन्सेक्सच्या सुरुवातीच्या तीस कंपन्यांत बॉम्बे डाइंग, मुकुंद, प्रीमियर ऑटोमोबाईल्स होत्या. आजच्या तीस कंपन्या घेऊन कोणी चाळीस वर्षांचा आलेख मागे नेला, तर त्यात फक्त जिंकलेलेच उरतात.

असा आलेख कोणी समोर धरला, तर सही करण्याआधी एवढेच विचारा: लाभांश धरलाय का, आणि बुडालेल्या कंपन्या कुठे आहेत?