गाडीने त्याला पाहिलं असेल का?

भाऊ गाडी चालवतो तेव्हा मी शेजारी बसते. शाळा सुटलेली असते, एखादं पोरगं दप्तर सावरत रस्त्यात उतरतं आणि माझा उजवा पाय आपोआप खाली दाबला जातो. तिथे ब्रेक नाही हे ठाऊक असूनही! भाऊ हसतो. पण त्याने मान वळवलेली दिसते, गाडी हळू झालेली जाणवते आणि माझा जीव भांड्यात पडतो.

आता ती मानच नसेल तर? अमेरिकेत सॅन फ्रान्सिस्को, फिनिक्स अशा शहरांत वेमो कंपनीच्या टॅक्सी चालकाशिवाय धावतात. चालकाची सीट रिकामी, स्टिअरिंग आपलं आपण फिरतं. माझा भाचा तिकडे नोकरीला आहे. म्हणाला, "खाला, वेगाची भीती नाही वाटली. कोणी फूटपाथवरून उतरलं की वाटायचं, हिने पाहिलं असेल ना?"

भीतीचं मूळ इथेच आहे. गाडीने अंतर मोजलेलं असतं, थांबायला जागाही पुरेशी असते. पण ती अगदी जवळ जाऊन थांबली तर आत बसलेला धसकतो; लांबूनच हळू झाली तर निवांत राहतो. धोका दोन्ही वेळा तेवढाच असेल, पण वेळेवर हळू होणं हा 'पाहिलं बरं का' असा निरोप असतो, आतल्यालाही आणि रस्त्यावरच्यालाही. म्हणून वेमोच्या गाडीत प्रवाशासमोर पडदा असतो. आजूबाजूची वाहनं, पायी चालणारी माणसं त्यावर आकृत्यांसारखी दिसतात. भाच्याला त्याने धीर आला. पाचव्या फेरीला तो मोबाईल पाहत बसला होता.

हे ऐकून मात्र मीच धसकले. १८ मार्च २०१८ च्या रात्री अ‍ॅरिझोनातल्या टेम्पी शहरात उबरची चाचणीवरची गाडी सायकल ढकलत रस्ता ओलांडणाऱ्या एका बाईवर आदळली. बाई वाचली नाही. लक्ष ठेवायला नेमलेली व्यक्ती गाडीत होती, पण तिची नजर फोनवर होती. सरकारी तपासात आढळलं की रडारने त्या बाईला ५.६ सेकंद आधीच टिपलं होतं. यंत्रणा तिला कधी वाहन, कधी सायकल, कधी आणखी काही समजत राहिली. क्रॉसिंग सोडून कोणी पायी रस्ता ओलांडेल हे तिच्या हिशेबातच नव्हतं. (जुम्म्याची नमाज सुटल्यावर आमच्या मोहल्ल्यात ती काय करील?)

उर्दूच्या तासाला मी मुलांना इत्मीनान आणि एतबार यांतला फरक सांगते. इत्मीनान म्हणजे मनाचा निवांतपणा, एतबार म्हणजे विश्वास. पडदा पाहून इत्मीनान येतो. पण पडदा गाडीला दिसलेलंच दाखवणार. तिला न दिसलेला माणूस त्यावर येणार कुठून? आणि चूक झालीच, तर सोसायची त्या पायी चालणाऱ्याने.

भाच्याला विचारलं, "पडद्यावर नाही, पण खिडकीतून दिसला, असा माणूस कधी आढळला का रे?"

जरा थांबून तो म्हणाला, "खाला, पहिल्या दिवसानंतर मी खिडकीबाहेर पाहिलंच नाही."